डफ, रांगोळी आणि आडवी बाटली

(नगर जिल्ह्यातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांच्याविषयी एक आख्यायिका या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फंदींचा काळ १७४४ ते १८१९ असा. लावणी आणि तमाशा यांत त्यांचा हातखंडा होता. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी त्यांना तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, फंदींनी तो शिरोधार्य मानला आणि डफ कायमचा खाली ठेवला, असे म्हणतात. आख्यायिकेला कोणी दस्तऐवज मागू नये. परंतु फंदींनी उपदेशाचे फटके रचले आणि ते मराठी माणसाच्या तोंडी आजतागायत राहिले, एवढे निश्चित. डफ सुटला, पण डफावरची थाप शब्दांत उतरली. फटक्याला जो झणझणीतपणा आहे, तो तमाशाच्या बोर्डावरूनच आलेला आहे. कोरड्या प्रवचनातून तो आला नसता. शाहिराला हा मार्ग दाखवणारी राणी याच जिल्ह्यातील चोंडीची लेक. १७२५ च्या ३१ मे रोजी तिचा जन्म झाला आणि आज जिल्ह्याने तिचेच नाव धारण केले आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की निवडणूक जवळ आली म्हणजे मतदार जागृतीसाठी कलेला साद घातली जाते. शाळेच्या पटांगणावर रांगोळी रेखाटली जाते, मुलांची मानवी साखळी उभी राहते, एस.टी. स्थानकासमोर पथनाट्य होते, एखादा वासुदेव मोरपिसांची टोपी घालून ‘मतदान करा’ असे सांगत फिरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. या सगळ्यामागची तळमळ खोटी नाही. प्रश्न एवढाच, की त्या वासुदेवाला ऐकून घराबाहेर पडलेला मतदार किती आणि छायाचित्र पाहून समाधान पावलेला अधिकारी वा कार्यकर्ता किती?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. याच नगर शहरात, जुन्या कापडबाजारात, ३१ मे आणि १ जून १९१६ या दोन दिवशी लोकमान्य टिळकांची स्वराज्यावरील व्याख्याने झाली. तारखेचा योगायोग ज्याने त्याने मनात टिपून ठेवावा. त्या महिन्याच्या आरंभी बेळगावात झालेले भाषण आणि नगरची ही दोन भाषणे इंग्रज सरकारला इतकी झोंबली, की लोकमान्यांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि शिवाय दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द ठरवला. सरकारला झोंबावे असे त्या भाषणांत काय होते? जळजळीत शब्द फारसे नव्हतेच. आपल्या घरचा कारभार आपण पाहायचा की नोकरशाहीच्या हाती सोपवून द्यायचा, एवढी एकच गोष्ट लोकमान्यांनी घरगुती, व्यवहारातल्या दाखल्यांनी बाजारातल्या माणसाला समजावून दिली. ‘स्वराज्य मागा’ असा नुसता पुकारा त्यांनी केला असता, तर सरकारने तो कानाआड केला असता. स्वराज्य आपल्या चुलीपर्यंत कसे पोहोचते, हे ऐकणाऱ्याला कळले आणि तिथेच इंग्रजांचे आसन डळमळले. याच लोकमान्यांच्या प्रोत्साहनाने १८९० च्या दशकात गणेशोत्सव चौकात आला होता आणि मेळ्यांची पदे घराघरांत पोहोचली होती, हे येथे वेगळे सांगायला नकोच.

आणि लोकजागरणाचा हा वसा एकाच गोटाचा होता, असे कोणी समजू नये. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले. नाशिककडच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. तो मताधिकार म्हणजे काय, हे वस्तीतल्या माणसाला उमगण्याची पूर्वतयारी अशा जलशांनी केली होती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाने जे केले, ते तर सर्वज्ञातच आहे. यांतल्या अनेकांचे विचार या नियतकालिकाच्या वाचकाला मान्य नसतील. परंतु लोकांसमोर जायचे तर लोकांच्या प्रश्नावरच बोट ठेवावे लागते, हे ते सर्व जण जाणून होते, आणि ते त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा देशाने चित्रकलेवर केवढा भार टाकला, याची आज कल्पनाही येत नाही. बहुसंख्य मतदार निरक्षर. उमेदवाराचे नाव वाचता येणार नाही, म्हणून प्रत्येकाला चिन्ह दिले गेले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. बैलजोडी, झोपडी, दिवा अशी साधी, ठळक, दुरून ओळखू येणारी चित्रे. पुढील काळात आयोगाच्या सेवेतील एम. एस. सेठी यांच्यासारख्या रेखाटनकाराने अशी असंख्य चिन्हे साध्या पेन्सिलीने काढली. त्यांची चित्रे कुठल्या कलादालनात लागली नाहीत. पण पाहणाऱ्यांची संख्या मोजली, तर या देशात त्यांच्याहून मोठे प्रदर्शन कोणाचे झाले असेल?

त्याच निवडणुकीतील आणखी एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत असंख्य स्त्रियांनी यादीकाराला आपले नावच सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदार यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, परंतु योग्य होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत यांतल्या बहुतेकींना स्वतःच्या नावाने मतदार व्हावे लागले.

आता चित्र आणि स्त्री या दोन्ही धाग्यांची गाठ जिथे पडते, अशा एका मतदानाकडे वळू. ते आपल्याच पारनेर तालुक्यातले आहे.

दारूबंदीसाठी महाराष्ट्रात जे गावपातळीवरील मतदान होते, त्याची रीत बहुतेकांना ठाऊक असेल. तरी ती नीट समजून घेण्यासारखी आहे. गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी, अथवा तितक्याच प्रमाणात एकूण मतदारांनी, मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे ते बंद व्हावे. बस्स! पक्ष नाही, पुढारी नाही, जाहीरनामा नाही. लोकचित्राची ताकद म्हणतात ती हीच. ज्या बाईने आयुष्यात पाटीवर अक्षर गिरवले नाही, तिलाही बाटली आडवी होणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी वक्ता लागत नाही. तिच्या घरात रोज रात्री ती बाटली उभी असते.

या नियमातली खरी मेख पुढेच आहे. पडलेल्या मतांमध्ये बहुमत मिळाले, एवढ्याने बाटली आडवी होत नाही. यादीत असलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. याचा अर्थ असा, की जी बाई त्या दिवशी मोलमजुरीला गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने उंबरठ्याबाहेर पडू दिले नाही, आणि जी वर्षामागे मरण पावली पण यादीत अजून जिवंत आहे, त्या सर्वांचे वजन उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. घरी बसणारा तटस्थ असतो, ही आपली लाडकी समजूत. येथे ती एका फटक्यात उडून जाते.

पारनेर तालुक्यातील निघोज हे गाव कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांसाठी आणि मळगंगा देवीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. या गावच्या महिलांनी २०१६ मध्ये असेच मतदान घडवून आणले आणि आडव्या बाटलीला कौल दिला. अशा मोहिमेत भिंतीवरचे चित्र, दारातली रांगोळी, भजनाची चाल ही साधने नैसर्गिकपणे हाती येतात. मुद्दाम ‘कला प्रकल्प’ म्हणून त्यांची आखणी करावी लागत नाही. बाटलीचे चित्र काढायला चित्रकार लागत नाही. मनात संताप असला की हात वळतो. त्याच तालुक्यात राळेगणसिद्धी आहे आणि तिथल्या दारूबंदीची कथा १९७० च्या दशकापासून सर्वांना माहीत आहे. पण निघोजचे वैशिष्ट्य हे, की तेथे कोणा एका थोर पुरुषाच्या शब्दाखातर नव्हे, तर मतपत्रिकेवर बायाबापड्यांनी स्वतः शिक्का मारून निर्णय केला.

या पार्श्वभूमीवर सरकारी उपक्रमांकडे पाहिले, की त्यांचे बलस्थान आणि उणीव दोन्ही ध्यानात येतात. मतदार शिक्षणासाठी निवडणूक आयोगाने ‘स्वीप’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला, त्याला आता दीड दशक झाले. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून साजरा होतो. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाने तर अलीकडच्या काळात लोकशाही भोंडला, लोकशाही दीपावली, गणेशोत्सवातील मताधिकाराचे देखावे असे उपक्रम योजले. पंढरीच्या वारीतही मतदार जागृतीचा प्रयत्न झाला. ही कल्पकता दाद देण्याजोगी आहे. परकीय पद्धतीच्या मोहिमांची नक्कल करण्यापेक्षा भोंडल्याच्या फेरात लोकशाही आणावी, हे ज्या कोणाला सुचले, त्याला आपल्या समाजाची नाडी कळलेली आहे.

उणीव आहे ती दुसरीकडे. शासनाचा भोंडला प्रश्न विचारू शकत नाही. ‘मत द्या’ एवढेच तो म्हणू शकतो. कशासाठी द्यायचे, हे त्याने म्हणायचे नसते, आणि ते म्हणू नये हेच योग्य. भोंडल्याच्या मूळ गाण्यांत सासरच्या प्रत्येक माणसाची खोडी काढलेली असते, म्हणून तर ती टिकली. ती खोडी काढून घेतली, की फेर राहतो आणि गाणे जाते. ती काढण्याचे काम शासनाचे नव्हे, समाजाचे आहे.

आकडेच पाहायचे तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, १३ मे रोजी, एकाच दिवशी मतदान झालेल्या मतदारसंघांत नगरला ६६.६१ टक्के मतदान झाले, शेजारच्या बीडमध्ये ७०.९२ टक्के आणि पुण्यात अवघे ५३.५४ टक्के. मतदार जागृतीचे फलक, चित्रस्पर्धा, नामवंत कलावंतांची आवाहने ही सर्वाधिक कोठे झाली असतील? पुण्यासारख्या शहरातच. ज्याला आवाहन सर्वांत जास्त ऐकू आले, तोच सर्वांत कमी हलला. उलट ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणी रांगोळी काढो वा न काढो, गाव रांगेत उभे राहते. मुंबईला नोकरी करणारा मुलगा रातोरात गाडी करून येतो. त्याला बोलावतो तो गावातला प्रश्न. भावकीची चुरस आणि रातोरात वाटले जाणारे पाकीटही त्याला बोलावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रश्न असतो, म्हणूनच ते पाकीट निघते.

आणि हा मतदानाचा उत्साह दाखवणाऱ्या समाजाने एक गोष्ट मुकाट्याने सोसली, तीही येथे सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महानगरपालिकांची मुदत २०२२ च्या आगेमागे संपली, नगर महानगरपालिकेची २०२३ च्या अखेरीस संपली; आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा गाडी हलली. मधल्या काळात कारभार प्रशासकांच्या हाती होता. लोकमान्यांनी कापडबाजारात जो प्रश्न मांडला होता, तो शंभर वर्षांनी स्वराज्यात पुन्हा दारात उभा राहिला होता. मतदान करा, असे सांगणाऱ्या रांगोळ्या या काळातही २५ जानेवारीला निघतच होत्या. मतदानच का होत नाही, असे विचारणारी रांगोळी कोणाच्या पाहण्यात आली काय?

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. गावात तट पडू नयेत म्हणून बिनविरोध निवडीचा आग्रह धरणारे अनेक सज्जन या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्यासमोर हिवरे बाजारचा आदर्श आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, जलसंधारण यांतून दुष्काळी गावाचे रूप पालटले. तेथील पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पिके त्यावरून ठरतात. अनेक वर्षे तेथे ग्रामपंचायत बिनविरोध होत असे. जानेवारी २०२१ मध्ये मात्र सुमारे तीन दशकांनी तेथे मतदान झाले आणि गावाने पवारांच्याच मंडळाला कौल दिला. आकाश कोसळले नाही. उलट, एकमत हे खरोखर एकमत आहे, यावर शिक्का बसला. त्याच निवडणुकीच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा चक्क लिलाव झाला आणि राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक रद्द करावी लागली. तेही ‘बिनविरोध’च होते! ग्रामसभेत घासून निघालेले एकमत वेगळे आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या नावाने बोली लावून विकत घेतलेली शांतता वेगळी. देवाच्या नावावर गावाचा मताधिकार विकला जात असेल, तर त्यावर पहिला कोरडा कीर्तनकाराने ओढला पाहिजे. गाडगेबाबा आज असते, तर त्यांनी समोरच्या पाटलाला उभे करून प्रश्नोत्तराच्या थाटात सगळा हिशेब त्याच्याच तोंडून वदवून घेतला असता.

नगर ही नाटकवेड्यांची भूमी आहे. सदाशिव अमरापूरकर (१९५०-२०१४) याच मातीतले. पडद्यावरचा खलनायक म्हणून देशाने त्यांना ओळखले, पण सामाजिक कृतज्ञता निधी, स्नेहालय अशा कामांशी त्यांनी अखेरपर्यंत नाते राखले. या जिल्ह्यात एकांकिका बसवणारी तरुण मंडळी आजही कमी नाहीत. तालुक्या-तालुक्यांत भारुडी आहेत, गोंधळी आहेत, भजनी मंडळे आहेत. त्यांच्या हाती तयार घोषणा देऊन त्यांना उभे करणे म्हणजे तलवारीने भाजी चिरणे होय. एकनाथ महाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे भारुडात आणली, ती नुसती गंमत म्हणून नव्हे. सोंगाच्या आडून जे बोलता येते, ते उघड्या तोंडाने बोलता येत नाही.

विषयांना तोटा नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, नेमके गळिताच्या तोंडावर आले. फडात असलेल्या मतदाराला गावातल्या भिंतीवरचे चित्र कसे दिसणार? त्याच्यासाठी भारूड व्हायचे, तर ते कारखान्याच्या तळावर, खोपटांसमोर, आणि तेही मुकादमाच्या देखत झाले पाहिजे. त्याला मतदानासाठी सुटी आणि गाडीभाडे कोण देणार, हा प्रश्न त्या भारुडातला जोशी विचारील, तरच त्याने पंचांग उघडावे.

राहता राहिला यादीचा विषय, आणि तो रुक्ष म्हणून बाजूला पडतो. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला वर्षभर थांबावे लागत नाही. नवे नाव नोंदवायला नमुना ६, मृताचे किंवा गाव सोडून गेलेल्याचे नाव कमी करायला नमुना ७, पत्ता वा तपशील बदलायला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि सासरी ती मतदार नसते, हे जवळपास प्रत्येक गावात आढळते. निघोजसारख्या मतदानात अशा एकेका नावाचे मोल किती, हे वर आलेच आहे. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. काल्याच्या दिवशी झाडून सारे गाव एका मांडवात असते, बाहेरगावी गेलेलेही परतलेले असतात. काल्याचे कीर्तन संपल्यावर आणि महाप्रसादाची पंगत बसण्यापूर्वी यादी मोठ्याने वाचण्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे गावच्या बीएलओला, त्या दिवशी नमुन्यांचे गठ्ठे घेऊन मांडवात बोलावावे. बहुधा तो गावातलाच शिक्षक किंवा अंगणवाडीताई असते आणि प्रसादाला येणारच असते.